माळावर उगवलेलं पीस

सप्टेंबर सरता सरता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळांवर भोवत्या येतात. लांब पंखांचे, लांब शेपटीचे हे शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून झुलत झुलत सगळा माळ पिंजून काढतात. आपल्या पठारावर त्यातले दोन विशेष ओळखीचे, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. हिवाळा इथे काढून मार्च-एप्रिलमध्ये ते मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशाकडे निघून जातात.

या पक्ष्यांवरून माझ्या ओळखीच्या एका घरात वाद चालू आहे. काका सामाजिक वनीकरणातून निवृत्त झाले. जिल्ह्यातल्या कितीतरी उघड्या माळांवर त्यांनी लावलेली झाडं आज उभी आहेत. त्यांची पुतणी शिकारी पक्ष्यांच्या पिसांचा अभ्यास करते. माळावर दोघांचाही जीव आहे, पण त्याचं काय व्हावं याबद्दल दोघांचं टोकाचं दुमत आहे. त्यांचं बोलणं मी बऱ्याचदा ऐकलं, आणि ऐकता ऐकता पक्ष्याच्या पंखाकडे पाहण्याची माझी रीतच बदलली. म्हणून ते इथे मांडतो आहे.

सुरुवात नेहमी काकाच करतात.

"तुझा भोवत्या जन्मतो कझाकस्तानात, अंडी घालतो तिथे, पिल्लं वाढवतो तिथे. इथे येतो तो चार-सहा महिने टोळ आणि उंदीर खायला. तेवढ्यासाठी आम्ही शेकडो एकर जमीन उघडी ठेवायची? सरकारी नकाशात ती पडीक म्हणून लागलेली आहे. इथे गवत नसेल तर कर्नाटकात जाईल, गुजरातेत जाईल. पंख आहेत त्याला."

"काका, तो पंख कुठे तयार होतो, एवढंच मला सांगायचं आहे."

"कुठे म्हणजे? घरट्यात."

"तो पहिला. सगळी उड्डाणपिसं एकदम उगवतात ती आयुष्यात तेवढी एकदाच. पुढे ती एकेक करून बदलावी लागतात, जन्मभर. पीस एकदा पूर्ण वाढलं की ते मेलेलं असतं, काका. आपल्या नखासारखंच केराटिन. त्यात रक्त नाही, तुटलं तर सांधत नाही. उन्हानं त्याचा रंग विटतो, कडा झिजतात, गवताच्या काड्यांना घासून टोकं फाटतात. त्याची डागडुजी होत नाही. मुळाशी नवा कोंब फुटतो, तो जुन्याला ढकलून बाहेर काढतो आणि त्या जागी वाढतो. हाच एक मार्ग."

"मग बदलावं की सगळी एकदम, घरी बसून. बदकं बदलतात तशी."

हा प्रश्न वरवरचा नाही. जायकवाडीला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस उन्हाळ्यात तिबेट-मंगोलियाच्या तळ्यांवर पंखांची सगळी पिसं एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्यांचं निभावतं, कारण पाणी आणि चारा दोन्ही पायाशी असतं.

पुतणीनं तेच सांगितलं. "हंसाचं गवत पळून जात नाही. भोवत्याचं अन्न पळतं, उडतं. चार आठवडे जमिनीवर बसला तर तो उपाशी मरेल. शिकारी पक्ष्याला पिसं बदलायची ती उडत उडतच. राहत्या घराची कौलं काढतात ना, तशी. एका वेळी एक-दोन, आणि दोन्ही बाजूंची सारखी. पंखाच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांना आम्ही प्रायमरी म्हणतो. ती दहा असतात. भोवत्या, घार, गरुड यांच्यात सर्वांत आतलं, पहिलं पीस आधी झडतं. ते वाढत आलं की दुसरं, मग तिसरं, असं टोकाकडे. ससाण्यांचा क्रम निराळा. त्यांचं चौथं आधी झडतं आणि तिथून काम दोन्ही बाजूंना सरकतं."

"वेळ किती लागतो?"

"पीस दिवसाला साधारण 4 ते 6 मिलिमीटर वाढतं. एकेक पीस वीत-दीड वीत लांब, म्हणजे एका पिसाला दीड-दोन महिने. एका वेळी दोन-तीन पिसं वाढत असली तरी दहांचा हिशेब करून बघा. खेरीज आतल्या बाजूची सेकंडरी पिसं आहेत, शेपटीची बारा आहेत."

काकांनी हिशेब केला. "म्हणजे निम्मं वर्ष यातच गेलं."

"हो, आणि वर्षात आणखी दोन मोठी कामं आहेत. पिल्लं वाढवायची आणि हजारो किलोमीटरचा प्रवास, तोही दोनदा."

इथे थोडं थांबून मोठ्या पक्ष्यांबद्दल सांगायला हवं, कारण तिथे हा हिशेब आणखी अवघड होतो. 2009 मध्ये सिव्हर्ट रोवर आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींची मापं एकत्र करून दाखवलं की पक्ष्याचं वजन दहापट झालं तर उड्डाणपिसाची लांबी दुपटीपेक्षा थोडी जास्त होते, पण पीस उगवण्याचा वेग जेमतेम दीडपट होतो. पक्षी जितका मोठा तितका तो आपल्याच पिसांच्या मागे पडत जातो. स्टेपी गरुडाचं सर्वांत लांब पीस उगवायला दोन महिन्यांहून अधिक लागतात. एका वर्षात दहाही प्रायमरी बदलणं त्याला शक्य नाही. मग तो निराळी वाट काढतो. पहिल्या खेपेला चार-पाच पिसं बदलून थांबतो. पुढच्या वर्षी तिथून पुढे सुरू करतो आणि त्याच वेळी पुन्हा पहिल्या पिसापासून दुसरी फेरी काढतो. काही वर्षांनी त्याच्या एकाच पंखावर दोन-तीन फेऱ्या चालू असतात. एर्विन आणि व्हेस्टा श्ट्रेसेमान या जर्मन दांपत्यानं 1966 मध्ये पक्ष्यांच्या पिसं बदलण्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या पद्धतीची नीट मांडणी आहे. बिकानेरजवळच्या जोरबीडला हिवाळ्यात स्टेपी गरुड मोठ्या संख्येनं जमतात. तिथल्या एखाद्या प्रौढ गरुडाचा खालून काढलेला स्वच्छ फोटो पाहिला तर एकाच पंखात गडद नवी पिसं, तपकिरी मधली आणि विटकी, कातरलेल्या टोकांची जुनी पिसं शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याचा पंख मात्र एकाच वयाचा, सरळ रेघेत. जाणकार गरुडाचं वय ठरवतात ते मुख्यतः यावरून.

भोवत्या गरुडापेक्षा फार हलका. माँटेग्यूच्या भोवत्याचं वजन पाव किलोच्या थोडं पुढेमागे. त्याला वर्षात सगळी पिसं बदलता येतात, पण एका जागी नाही. वादाचं मूळ इथेच आहे.

"मादी अंड्यांवर बसते तेव्हा नर तिला शिकार आणून देतो," पुतणी सांगत होती. "उडायचं काम कमी, म्हणून ती तेव्हाच पहिली पिसं टाकते, मे-जूनमध्ये. नर त्या वेळी सगळ्या कुटुंबासाठी शिकार करत असतो, त्याला पंखात फट परवडत नाही. तो उशिरा सुरू करतो आणि त्याची गाडी मागे राहते. इयन न्यूटन यांनी स्कॉटलंडमध्ये पाखरमार ससाण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यांनाही हाच फरक दिसला. मग ऑगस्ट येतो. निघायची वेळ होते आणि पंख अर्धवट असतो. आतली काही पिसं नवी, बाहेरची जुनी. अशा वेळी भोवत्या काम थांबवतो. जे पीस वाढतं आहे ते पूर्ण होऊ देतो, पुढचं टाकत नाही. पंखात फट न ठेवता इथे येतो. इथे स्थिरावला की थांबला होता तिथून पुढे सुरू करतो. मादीची थोडी उरलेली असतात, नराची जास्त. थंडी संपेपर्यंत टोकाची पिसं पूर्ण होतात."

"टोकाची म्हणजे?"

"बाहेरची लांब पिसं. पंखाचं टोक ज्यांनी बनतं ती. एप्रिलमध्ये तो कझाकस्तानला ज्या टोकानं हवा कापत जातो, ते टोक इथल्या टोळांवर तयार झालेलं असतं. तो नुसता खायला येत नाही, काका. अर्धा पंख बांधायला येतो."

काका काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जो मुद्दा काढला, तो या वादातला त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे असं मला वाटतं.

"तूच म्हणालीस, त्याला मध्ये थांबता येतं. हव्या त्या पिसाशी थांबतो, हजारो किलोमीटर उडतो, पुन्हा सुरू करतो. ज्याला थांबता येतं त्याला जागाही बदलता येते. इथे जमलं नाही तर पुढे जाऊन करेल. गरुड तर जुनी पिसं दोन-दोन, तीन-तीन वर्षं वागवतो, तरी जगतो. मग माझ्या चार झाडांनी याचं काय अडतं?"

"थांबता येतं, पण त्याचा हिशेब पुढे चुकवावा लागतो. एप्रिलमध्ये त्याला निघावंच लागतं, तिकडचा उन्हाळा छोटा असतो. तोवर बाहेरची दोन पिसं बदलायची राहिली तर ती घेऊनच तो परततो, आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत तीच वापरतो. जूनमध्ये आतल्या पिसांची नवी फेरी सुरू व्हायची असते, ती काही मागच्या उधारीसाठी थांबत नाही. आणि गरुडाचं उदाहरण इथे लागू होत नाही. गरुड गरम हवेच्या झोतावर पंख पसरून तरंगतो. भोवत्या दिवसभर गवताला घासत, पंख मारत, वळत-गिरक्या घेत शिकार करतो आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरून झोपतो. त्याची पिसं झिजतात."

"हा तुझा तर्क झाला."

"गरुड-भोवत्या तुलनेपुरता तर्क, मान्य. पण पिसाला अन्न लागतं, हा तर्क नाही. थांबा, दाखवते."

तिनं कागदाच्या पाकिटातून एक पीस काढलं. शिकारी पक्ष्याचं पडलेलं पीसही सहज उचलून घरी आणता येत नाही, वन्यजीव कायदा आड येतो. तिच्याकडे कामाची परवानगी आहे. रातथाऱ्यावर, म्हणजे भोवत्या रात्री एकत्र उतरतात त्या गवतात, सकाळी पक्षी उठून गेल्यावर सापडलेलं ते पीस होतं. करडं, टोकाला काळपट, टाचेपाशी पोकळ आणि पारदर्शक. टोकाचा काळा रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन असलेला भाग कमी झिजतो, हे तिनं जाता जाता सांगितलं. मग टॉर्च बाजूला, जवळजवळ आडवी धरली. तिरप्या उजेडात पिसाच्या आडव्या अंगानं फिक्या आणि गडद पट्ट्या उमटल्या, इतक्या पुसट की टॉर्च जरा वर केली की नाहीशा व्हाव्यात.

"एक फिकी आणि एक गडद मिळून एक दिवस-रात्र," ती म्हणाली. "थॉमस ग्रब यांनी 1989 मध्ये या पट्ट्या मोजून पक्ष्याचं पोषण जोखायची पद्धत मांडली. रुंद पट्टी म्हणजे त्या दिवशी पीस जास्त वाढलं, पोट भरलेलं होतं. अरुंद म्हणजे ओढाताण. आता ही बघा."

देठापासून वरती साधारण एक तृतीयांशावर एक बारीक, काचेसारखी रेघ आडवी गेली होती. तिथल्या तंतूंना बारीक काटेच नव्हते. तिनं नखानं हलकेच स्पर्श केला तर तंतू तिथूनच वाकले.

"ही उपासाची खूण. पीस वाढत असताना एखाद-दोन दिवस अन्न मिळालं नाही किंवा मोठा धक्का बसला की ती पडते, आणि पीस पुढे तिथूनच मोडतं. ससाणे पाळणाऱ्यांना ती शतकानुशतकं माहीत आहे. पिल्लाच्या शेपटीवर ही रेघ सगळ्या पिसांवर एका ओळीत असते, कारण सगळी एकदम वाढत होती. प्रौढाच्या एखाद्याच पिसावर सापडते."

काकांनी पीस हातात घेतलं. झाडं तपासणाऱ्या माणसाची सवय त्यांच्यात अजून आहे. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, देठ चाचपला. मग म्हणाले, "हे पडलं इथे. पण उगवलं कुठे? पडलं ते जुनं. तुझ्याच हिशेबानं ते मागच्या वर्षीचं."

पुतणीला हा प्रश्न फार आवडला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "बरोबर. हे बाहेरचं पीस आहे. पक्षी पूर्ण प्रौढ असेल तर बाहेरची पिसं तो हिवाळ्यात बदलतो, म्हणजे हे मागच्या हिवाळ्यात उगवलेलं. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात टॅग लावलेले माँटेग्यूचे भोवत्या वर्षानुवर्षं त्याच त्याच जागांवर परतताना दिसले आहेत. आपले तसेच वागत असतील तर हे याच पठारावर उगवलं असेल. पण पक्षी दुसऱ्या हिवाळ्यातला असेल तर गोष्ट निराळी. पहिल्या हिवाळ्यात भोवत्या उड्डाणपिसं बदलत नाही. घरट्यातलीच पिसं घेऊन येतो आणि परत जातो. त्यातली बाहेरची पिसं तो दुसऱ्या खेपेला इथे टाकतो. तसं असेल तर हे कझाकस्तानच्या घरट्यातलं."

"आणि ते कळणार कसं?"

"हायड्रोजनवरून. पावसाच्या पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो. उत्तरेला, समुद्रापासून दूर खंडाच्या आत जावं तसं त्याचं प्रमाण घटतं. पाणी गवतात जातं, गवत टोळात, टोळ पक्ष्यात, आणि पक्ष्याचं त्या दिवसाचं अन्न पिसात कायमचं बंद होतं. पीस मेलेलं असल्यानं ते प्रमाण पुढे बदलत नाही. प्रौढ भोवत्याचं आतलं आणि बाहेरचं अशी दोन पिसं तपासली तर एकाच पंखात दोन देशांचं पाणी निघतं."

मला या सगळ्या बोलण्यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो, त्यावरचे बाण येतात. पक्ष्याच्या अंगावर तो नकाशा पिसापिसानं बसवलेला आहे, आणि त्यातली काही पिसं आपल्या कुसळीच्या माळांची आहेत, ही जाणीव मला तरी नव्हती.

काका मात्र लगेच मान्य करणारे नाहीत. त्यांनी अमूर ससाण्याचं नाव काढलं. नोव्हेंबरच्या सुमारास लोणावळ्याच्या बाजूला दिसणारा हा चिमुकला ससाणा त्यांनी पाहिला आहे.

"तो इथे थांबतच नाही. मग तुझा नियम त्याला कसा लावायचा?"

"त्याचा नियमच वेगळा. अमूर ससाणा ईशान्य आशियात पिल्लं वाढवतो, नागालँडवरून येतो, अरबी समुद्र न थांबता ओलांडतो आणि दक्षिण आफ्रिकेला जातो. समुद्रावर पंखात फट चालणार नाही. तो मुख्य काम आफ्रिकेत पोचल्यावर करतो, तिकडच्या उन्हाळ्यात, किडे मुबलक असताना. नागालँडमध्ये 2012 साली हे ससाणे जाळ्यांत हजारोंनी मारले जात होते. गावांनीच निर्धार केला आणि पुढच्याच वर्षी ते थांबलं. देशभर त्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण काका, वाटेवरचं मरण दिसतं, त्याचे फोटो निघतात. पिसं बदलायची जागा हळूहळू गेली तर पक्षी तिथे मरून पडत नाही. तो आखूड, फाटक्या पंखानं निघून जातो आणि मरतो दुसरीकडे. इथे कुणाला काही दिसत नाही."

"दिसत नाही तर तुम्ही सिद्ध कसं करणार?"

"एका माळाचं, एका पक्ष्याचं सिद्ध करणं अवघड आहे. पण संख्या बोलते. बंगळुरूच्या एट्री संस्थेच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये भारतातल्या भोवत्यांच्या रातथाऱ्यांवरच्या तीस वर्षांच्या मोजण्या एकत्र केल्या. कल उतरता निघाला. गुजरातेतल्या वेळावदरचा रातथारा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, तिथेही पूर्वीसारखी गर्दी राहिलेली नाही. कारणं बरीच असतील. तिकडची शेती, इकडची फवारणी. गवत जाणं हे त्यातलं एक, आणि ते एक आपल्या हातात आहे."

आता काका चिडले. चिडण्याचं कारण मला समजतं. ज्या काळात त्यांनी खड्डे खणले, त्या काळात दुष्काळी जिल्ह्यात झाड लावणं याहून मोठं पुण्य नव्हतं. ग्लिरिसिडियानं बायांची सरपणाची पायपीट वाचली, सुबाभळीनं शेळ्यांना पाला दिला. "आता त्याच झाडांना तू गुन्हेगार ठरवतेस?"

"झाडांना नाही, काका. गावाजवळची, ओढ्याकाठची, बांधावरची झाडं हवीतच. पण माळ हा झाडं लावायचा राहिलेला तुकडा नाही. तो मुळातच गवताचा आहे. भोवत्या झाडावर बसून शिकार करत नाही, झाडावर झोपतही नाही. दहा-दहा फुटांवर झाडं उभी केली की त्याला खालून उडायला मोकळं रान उरत नाही, सावलीखालचं गवत विरळतं, चंडोल जातात, टोळ घटतात. तुम्ही म्हणता कर्नाटकात जाईल. तिथेही कुणीतरी काका खड्डे खणत असतीलच."

ते हसले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लावलेलं एकही झाड मी काढू देणार नाही."

"मी काढा म्हणत नाही."

"नवीन खड्ड्यांचं म्हणशील तर पाण्याच्या टाकीपलीकडचा माळ यंदाच्या यादीत आहे. तिथे तुझा रातथारा आहे?"

"तिथेच आहे. हे पीस तिथलंच."

"यादी मी करत नाही आता. पण विचारतात मला." मग त्यांनी खरा व्यवहाराचा प्रश्न विचारला. "तुला गवत कधीपर्यंत उभं हवं? लोक दिवाळीनंतर कापतात. वैरण आहे ती, नको म्हणता येणार नाही."

"सगळं नको. मधला उंच गवताचा पट्टा मार्चअखेरपर्यंत राहिला तरी चालेल. बाहेरची पिसं तोवर पूर्ण होतात."

"उभं वाळलेलं गवत म्हणजे वणवा. एक बिडी पडली तर तुझे भोवत्या आणि माझी झाडं, दोन्ही जातील. भोवताली जाळपट्टा काढावा लागेल, आणि तो ऑक्टोबरातच, पक्ष्यांची गर्दी व्हायच्या आत. किती रुंद काढायचा?"

ती म्हणाली सहा मीटर. काका म्हणाले, त्या माळावर वारा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला दहा तरी हवेत, आणि त्यांनी कागद मागवला.